पत्ता देणारा दुसरा कोण

प्रगतीला नविन पहिल्यांदा दिसला तो पायांकडून.

सप्टेंबरातली सकाळ होती, साडेनऊची. पाऊस नुकताच थांबला होता, पत्र्यावरून अजून थेंब गळत होते, आणि तलासरीच्या कॉलेजातल्या संगणक कक्षात तिच्याच टेबलाखालून दोन पाय बाहेर आले होते. एक मोजा निळा, एक राखाडी. आत कोणीतरी गुणगुणत होतं… आणि वायर ओढत होतं.

तिने आरडाओरडा केला नाही. दोन पावलं मागे आली, दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं. मागच्याच महिन्यात कक्षातल्या दोन बॅटऱ्या नाहीशा झाल्या होत्या आणि चौकशी समितीने तीन बैठका घेऊन संशय उंदरांवर ठेवला होता. आता निदान एक उंदीर हाती लागला होता.

"अहो! दार…"

"खिडकीशी या. हात दिसतील असे."

गजांमागे एक तरुण चेहरा आला. केसांत कोळिष्टक, दातांत केबलचं टोक. ते त्याने काढून खिशात ठेवलं. "मी नविन. डहाणूहून आलोय. तुमचे तीस कॉम्प्युटर चालू करायला कंपनीने पाठवलंय."

"ओळखपत्र."

त्याने गजांतून कार्ड दिलं. तिने कार्डाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे.

"हा फोटो तुमचा नाही."

"आई पण तेच म्हणते."

"डहाणूला कुठे?"

"धाकटी डहाणू. खाडीवर. वडलांची बोट आहे."

"मग बोट सोडून इथे कशाला?"

"मला बोट लागते." तो जरा खाली बघून म्हणाला. "म्हणजे… ओकारी होते."

मच्छीमाराच्या पोराला बोट लागते हे कोणी मुद्दाम खोटं सांगणार नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं. लगेच दुसरं आलं: खोटं बोलणारा हुशार असेल तर नेमकं असंच काहीतरी सांगेल.

वीस मिनिटांनी झिपरूकाका चहा घेऊन आले. कॉलेजचे सर्वांत जुने शिपाई. प्राचार्य बदलले, पाट्या बदलल्या, काका तेच. कुलूप बघून ते थबकले. "मॅडम, याला मीच सोडला आत. आन् तुम्ही कोंडला?"

"मला सांगायचं ना काका."

"तुम्ही इचारला कुठं?"

कुलूप निघालं. प्रगतीने माफी मागितली नाही, कारण अजून खात्री झाली नव्हती. नविनने चहा घेताना तिच्याकडे एकदाच पाहिलं. ते पाहणं रागाचं असतं तर तिला समजलं असतं. ते रागाचं नव्हतं, आणि म्हणून ते तिने लक्षात ठेवलं.

* * *

काम सोपं होतं, असं नविनचं म्हणणं. तीस कोरे संगणक. त्यांच्या पोटात काहीच नाही. कोपऱ्यात एक सर्व्हर, त्याच्या पोटात सगळं. संगणक चालू केला की तो वायरीतून विचारतो, मी कोण, माझा पत्ता काय. सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि पाठोपाठ सगळ्या प्रणालीची नक्कल उतरवून देतो. एकाची नक्कल तिसांत.

"दोन तास," तो म्हणाला.

"लिहून द्या."

त्याला ती थट्टा वाटली. तिने वही आणि पेन पुढे केलं तेव्हा वाटेनाशी झाली.

दोन तासांना महत्त्व होतं, कारण सोमवारी विद्यापीठाचा तपासनीस यायचा होता. त्याला तीस संगणक चालू दिसले तर मुलींची ऑनलाइन परीक्षा तलासरीतच होणार. नाही दिसले तर केंद्र पालघरला. पूर्वेकडच्या पाड्यांवरून पहिली गाडी पोचते तेव्हा पालघरचा पेपर अर्धा सुटलेला असतो. मागच्या वर्षी अकरा मुलींनी परीक्षा सोडली होती. प्रगती स्वतः वेवजीची, कंत्राटावरची संगणक शिक्षिका. तिची पुढच्या वर्षाची नेमणुकीची ऑर्डरही त्या तपासनिसाच्या शेऱ्याला टाचलेली होती. पण त्या अकरा मुलींची नावं तिला पाठ होती, ऑर्डरचा जावक क्रमांक नव्हता.

नविनने तीसही संगणक चालू केले. सात पडदे निळे झाले आणि नक्कल उतरू लागली. बाकी तेवीस पडद्यांवर काळ्यावर पांढरी अक्षरं आली, थोडा वेळ थांबली, आणि फाइल मिळाली नाही असं सांगून निजली.

"होतं असं," तो म्हणाला, आणि पुन्हा चालू केले.

या वेळी अकरा जागे झाले. पण मघाच्या सातांपैकी त्यांत चारच होते.

दुपारपर्यंत त्याने वायरी बदलल्या. संगणकाच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन आधी नेटवर्क, मग डिस्क असा क्रम लावला. जोडणीचा डबा बंद करून चालू केला. प्रगती शेजारी उभी राहून वहीत लिहीत होती: संगणक क्रमांक, वेळ, काय झालं.

"हे कशासाठी?"

"पुरावा."

"कशाचा?"

"ते अजून ठरलेलं नाही."

तो हसला. ती नाही हसली. झिपरूकाकांनी तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं की मागे एसी दुरुस्त करायला आलेला माणूस अकरा दिवस आला होता. एसी तसाच राहिला, माणूस मात्र थंड झाला.

पाच वाजता सगळे संगणक पुन्हा तसेच.

"उद्या येतो," नविन बॅग भरत म्हणाला. बॅग भरताना तो घाईत नव्हता. प्रगतीने तेही लिहिलं.

* * *

गुरुवारी तो एसटीने सव्वानऊलाच आला. आज दोन्ही मोजे निळे होते. कोणासाठी, असा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिने तो तिथेच दाबला.

अकराच्या सुमारास तो व्हरांड्यात फोनवर बोलत होता. गुजरातीत. कंपनीचं मुख्य ऑफिस वापीला होतं. प्रगती दाराआड थांबली. चोरून ऐकत नव्हती. दार तिचं होतं.

"ना, काले पूरू थई जशे… हा… अहीं एक छोकरी छे. बहु शंकाळू छे, पण…"

नेमका महामार्गावरून एक ट्रेलर कर्कश हॉर्न देत गेला. तलासरीत हॉर्नला वेळकाळ नाही. पुढचं वाक्य त्याच्या चाकांखाली गेलं.

प्रगती बाहेर आली. "पण शुं?" तिने विचारलं.

फोन त्याच्या हातातून सुटता सुटता राहिला. "तुम्हाला… गुजराती येतं?"

"वेवजीची आहे मी. आमच्या कोंबड्यांनासुद्धा येतं. पण काय?"

"पण…" तो शब्द शोधू लागला. "पण चहा चांगला देते, असं म्हणत होतो."

"चहा झिपरूकाका देतात."

"मग त्यांच्याबद्दलच बोलत असेन."

त्याचे कान लाल झाले होते. ती वळून आत गेली… आणि वहीत काय लिहावं ते तिला पहिल्यांदाच सुचलं नाही.

दुपारी त्याने तिला बोलावलं. आपला लॅपटॉप वायरीला जोडून तो बराच वेळ नुसता पडद्याकडे पाहत बसला होता.

"बघा. हा संगणक विचारतोय, माझा पत्ता काय. हे सर्व्हरचं उत्तर. आणि हे…" त्याने बोट ठेवलं, "दुसरं उत्तर. पत्ता देतोय, पण नक्कल कुठून घ्यायची ते सांगत नाही. त्याला ठाऊकच नाही. कधी सर्व्हर आधी पोचतो, कधी हा. ज्याचं आधी आलं त्याचं खरं मानून संगणक निघतो. म्हणून कधी सात, कधी अकरा."

"म्हणजे?"

"म्हणजे या वायरींवर पत्ता देणारा दुसरा कोणीतरी आहे." त्याने मान वर केली. "कोणी लावलाय दुसरा डबा? तुम्हाला काही कल्पना?"

बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला होता, बारीक, पत्र्यावर तांदूळ निवडल्यासारखा. प्रगतीच्या हातातलं पेन थांबलं.

"नाही," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. एवढंच.

प्रगतीला त्या 'बरं'चा भयंकर संशय आला.

* * *

डबा होता. जूनमध्ये तिनेच लावला होता, जुन्या ग्रंथालयाच्या खोलीत लोखंडी कपाटामागे. ऑफिसचं इंटरनेट त्या वायफायच्या डब्यात आणलं होतं आणि त्यातून एक वायर संगणक कक्षाला दिली होती. कपाटामागच्या भिंतीपलीकडे व्हरांडा, आणि व्हरांड्यात मुली. मोबाइलची रेंज महामार्ग सोडून आत यायला तयार नव्हती. शिष्यवृत्तीचे फॉर्म मात्र ऑनलाइनच भरायचे होते. म्हणून मुली भिंतीला पाठ लावून ओळीने बसत. कोणी विचारलं तर अभ्यास करतोय म्हणत. परवानगी तिने मागितली होती. प्राचार्य साहेबांनी ती विचाराधीन ठेवली होती. साहेबांच्या विचाराधीन गोष्टींपैकी काही त्यांच्या आधीच्या साहेबांच्या काळातल्या होत्या. शिवाय साहेबांचं एक परिपत्रक भिंतीवर होतं: कॉलेजच्या इंटरनेटचा अनधिकृत वापर करणाऱ्याची सेवा समाप्त.

पण तो डबा मोबाइलसाठी! त्याचा संगणकांशी काय संबंध? तिने स्वतःला समजावलं. तिचा स्वतःवरही फारसा विश्वास बसत नसे.

शुक्रवारी सकाळी प्राचार्य साहेबांनी सर्व्हरपुढे नारळ फोडला. ते विज्ञानाचे डॉक्टर होते, त्यामुळे नारळ फोडताना त्यांनी बूट काढले नाहीत. त्यानंतर लगेच चौदा संगणक चालू झाले.

"बघा," साहेब म्हणाले. "अजून एक आणा."

"साहेब," झिपरूकाका करवंट्या गोळा करत म्हणाले, "नारळानं वायर जुळत नाय."

साहेबांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की अंधश्रद्धा कुठे आहे ते सर्वांना कळावं.

दुपारी एक वाजता नविन जेवायला बाहेर गेला. प्रगती वही टेबलावर ठेवून उठली, जुन्या ग्रंथालयात गेली आणि कपाटामागचा डबा बंद केला. परत येऊन एकेक संगणक चालू करू लागली. एक दहाला पहिला… निळा. दुसरा, निळा. तिसरा. नऊपैकी नऊ. एकदाही काळं तोंड नाही.

ती खुर्चीत बसली. इतके दिवस ती चोर शोधत होती, आणि चोर तिच्या चपला घालून फिरत होता.

खिडकीत जिवली आली, दुसऱ्या वर्षाची. "मॅडम, नेट गेला. रूपीचा फॉर्म अर्धा ऱ्हायला. उद्या लास्ट तारीख हाय ना?"

प्रगती उठली. डबा पुन्हा चालू केला. एक पस्तीस.

पुढचे सहा संगणक चालूच झाले नाहीत. तिने तेही लिहिलं. खोटं बोलणं एक वेळ जमलं होतं. खोटं लिहिणं तिला येत नव्हतं.

नविन आला आणि सवयीने वही उचलून वाचू लागला. वाचता वाचता थांबला.

"एक दहा ते एक पस्तीस… नऊपैकी नऊ?"

"हो."

"काय झालं होतं त्या वेळी?"

"जेवणाची सुट्टी."

"डब्याला पण?"

तिने पेनाचं टोपण लावलं. त्याने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. जवळ नव्हे, पण कालच्यापेक्षा जवळ.

"मला काल सकाळीच सापडला तो," तो हळू आवाजात म्हणाला. "वायर धरून गेलो. आधी वाटलं, मॅडमनी सायबर कॅफे काढलाय कॉलेजात. एवढ्या कडक बाईचा काहीतरी धंदा असणारच. मग त्या जिवलीला विचारलं, काय करता इथे? ती म्हणाली, अभ्यास. पंधरा जणी मोबाइल उंच धरून अभ्यास करत होत्या."

"काल सकाळीच?" प्रगतीचा आवाज चढला. "म्हणजे दुपारी मला विचारलंत ते नाटक? म्हणजे माझा संशय खरा होता! तुम्ही मुद्दाम लांबवत होतात! सोमवारी तपासणी आहे, साठ मुली आहेत, आणि तुम्ही—"

"थांबा. डबा उपटला असता तर काम काल अकरालाच संपलं असतं. फॉर्म पण संपले असते. उपटायची गरज नाही. त्याचं पत्ते वाटणं तेवढं बंद करायचं, वायफाय चालू राहील. मुलींचं नेट राहील, परीक्षेचं पण. दहा मिनिटांचं काम. पण त्याला पासवर्ड लागतो, आणि तो फक्त डबा लावणाऱ्याला माहीत." त्याने वही तिच्यापुढे सरकवली. "म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही सांगाल असं वाटलं."

"आणि मी नाही म्हटलं."

"मग वाट बघितली."

"एवढंच कारण?"

"दुसरं पण आहे."

"कोणतं?"

"ते सांगितलं तर तुम्ही वहीत लिहाल."

तिने वही मिटली. मिटताना जरा जोरात मिटली गेली. दोघंही कपाटामागे गेले. तिथे एका माणसापुरती जागा होती, त्यामुळे नविन भिंतीला चिकटून उभा राहिला आणि श्वासही बेताने घेऊ लागला. त्याच्या सदऱ्याला पावसाचा आणि किंचित सुक्या मासळीचा वास होता. तिला तो वाईट वाटला नाही, याची तिने नोंद केली… मनात.

त्याने लॅपटॉप पुढे धरला. "टाका पासवर्ड. मी डोळे मिटतो."

त्याने मिटले. खरंच मिटले, तिने त्याच्या चेहऱ्यासमोर हात हलवून पाहिला. पापणी हलली नाही. ती कळा दाबू लागली… मग थांबली.

"उघडा," ती म्हणाली. "सतरा ऑक्टोबर. आकड्यात. पुढे वर्ष."

"जन्मतारीख? मॅडम, तुम्ही? मुलांना तुम्हीच शिकवत असाल ना, जन्मतारीख ठेवू नका म्हणून?"

"म्हणूनच. मी ठेवेन असं कोणाला वाटणार नाही."

त्याने आकडे टाकले. सतरा ऑक्टोबर त्याने कुठेतरी ठेवून दिला असावा. खूप दूर नव्हती तारीख.

चार वाजता तीसपैकी तीस पडदे निळे होते. भिंतीपलीकडे रूपीचा फॉर्म भरला गेल्याचा कल्ला झाला. झिपरूकाकांनी खोलीभर पाहिलं, मग दोघांकडे पाहिलं. "झाला काय?" त्यांनी विचारलं. कशाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही.

* * *

प्रेमात पडलेल्या माणसाने अहवाल लिहू नये. नविनने कंपनीच्या फॉर्मात 'बिघाडाचं कारण' या रकान्यात लिहिलं: वायर ढिली. कोणाचं नाव यायला नको, एवढाच हेतू.

शनिवारी प्राचार्य साहेबांनी तो अहवाल वाचला. वायर आपोआप ढिली होत नाही. कक्षात रोज झाडू कोण मारतं? साडेअकराला झिपरूकाकांच्या हातात मेमो पडला: कर्तव्यात जाणूनबुजून निष्काळजीपणा, तीन दिवसांत खुलासा. पेन्शनला दीड वर्ष राहिलं होतं.

काका मेमो उलटा धरून संगणक कक्षात आले. "मॅडम, काय लिवलाय वाचून सांगा. साहेब माझ्यावं खूश झाले काय?"

प्रगतीने वाचलं. नविन दारात होता. सही घ्यायला आला होता. त्यानेही ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी बदलून आणतो अहवाल. लिहितो, कंपनीच्याच सर्व्हरमध्ये दोष होता. माझीच चूक."

"म्हणजे तुमची नोकरी जाईल."

"दुसरी मिळेल."

"आणि काका सुटतील, मी सुटेन, आणि तुम्ही उपकार करून डहाणूला जाल." ती उठली. "माझ्यावर कोणी उपकार केले की मला झोप येत नाही. डबा माझा आहे."

"मॅडम, ऑर्डर… सेवा समाप्त, त्या परिपत्रकात—"

"वाचलंय मी. मीच टाइप केलंय."

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. नविन मागोमाग. झिपरूकाका दोघांच्या मागे, कारण केबिनचं दार त्यांनीच उघडायचं असे.

"साहेब, वायर ढिली नव्हती. जुन्या ग्रंथालयात मी वायफायचा डबा लावलाय. जूनपासून. मुलींच्या फॉर्मसाठी. तोच संगणकांना चुकीचे पत्ते देत होता. काकांचा काही संबंध नाही."

"साहेब, तो अहवाल मी—" नविनने सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा," प्रगती म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला. प्रथम त्यांनी तिच्यावर संशय घेतला, मग नविनवर, मग दोघांवर मिळून. "विनापरवानगी? कॉलेजच्या आवारात?"

"परवानगीचा अर्ज आपल्या टेबलावर आहे. डावीकडचा गठ्ठा, वरून नववा."

साहेबांनी गठ्ठ्याकडे पाहिलं नाही. "किती मुली वापरतात?"

"सव्वाशेच्या आसपास. ब्याण्णव फॉर्म भरले गेले."

"ब्याण्णव?" साहेब थांबले. वार्षिक अहवालात 'विद्यार्थिनींसाठी विशेष उपक्रम' हे पान तीन वर्षं कोरं जात होतं. त्यांच्या चेहऱ्यावर संशय आणि आनंद यांची बराच वेळ ओढाताण चालली. शेवटी दोघांनी चेहरा वाटून घेतला. "तुम्ही केलं ते अक्षम्य आहे, मॅडम. मेमो तुम्हाला निघेल. आणि त्या खोलीवर पाटी लावा. विद्यार्थिनी इंटरनेट सुविधा. उद्घाटन माझ्या हस्ते. मागची तारीख टाका. ऑर्डरचं सोमवारी तपासणीनंतर बघू."

बाहेर आल्यावर काकांनी आपला मेमो फाडायला दिला नाही. एवढ्या वर्षांत साहेबांनी त्यांना लिहिलेलं ते पहिलंच पत्र होतं.

नविनने कंपनीची वही पुढे केली. तिने सही केली: काम पूर्ण, तीसपैकी तीस. सही करताना तिच्या लक्षात आलं की आता त्याने परत यावं असं काहीच शिल्लक नाही. तिने सगळं नीट करून टाकलं होतं. पेनाची शाई जरा जास्तच सांडली.

"बरं… येतो," तो म्हणाला.

"या," ती म्हणाली. या शब्दाचे दोन्ही अर्थ तिला माहीत होते आणि कोणता ते तिने सांगितलं नाही.

* * *

सोमवारी तपासनिसाने तीस पडदे मोजले, एकतिसावा का नाही ते विचारलं, आणि केंद्र मंजूर केलं. प्रगतीची ऑर्डर आणि मेमो एकाच पाकिटात आले, एकाच टाचणीने टाचलेले.

मंगळवारी साडेअकराला ती व्हरांड्यात मुलींच्या प्रवेशपत्रांचे गठ्ठे लावत होती. एसटी थांबल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने फाटकातून नविन आला. पावसात भिजलेला, हात रिकामे.

"कुठला बंद पडला?" तिने विचारलं.

"एकही नाही."

"बॅग कुठे आहे?"

"आणली नाही."

"कंपनीने पाठवलं?"

"रजा टाकलीय."

"काय सांगून?"

"पोट दुखतंय म्हणून."

"म्हणजे खोटं."

"एसटीत बसेपर्यंत खोटं होतं. आता खरंच दुखतंय." त्याने ओला हात शर्टाला पुसला. तो शर्टही ओला होता. "मॅडम, मला तुम्ही आवडता."

गठ्ठ्यावरचं एक प्रवेशपत्र वाऱ्याने उडून पायरीवर पडलं. तिने ते उचललं नाही.

"कशावरून?"

नविनने हा प्रश्न अपेक्षिला असावा. तरी त्याला घाम आला. "रविवारी मी वेवजीला आलो होतो."

"कशाला?"

"तुमचं घर बघायला. लांबून. तर तुमचे वडील बांधावर. म्हणाले, कोणाकडे आलास पोरा? माझ्या तोंडून निघालं, रस्ता चुकलो. कुठं जायचंय? उंबरगाव, म्हटलं. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, काकडी दिली, आणि पाऊलवाटेने थेट गुजरातच्या हद्दीपर्यंत सोडायला आले."

प्रगतीचे डोळे बारीक झाले. रविवारी रात्री बाबा जेवताना सांगत होते. भला पोरगा होता, शहरातला दिसत होता, भलतीकडेच निघाला होता, मी वाटेला लावला.

"ते तुम्ही?"

"परत वळावं म्हटलं, तर ते तिथेच उभे. हात हलवत होते. वळता येईना. उंबरगावपर्यंत चालत गेलो."

"चालत?"

"तिथून रेल्वेने डहाणू. सात वाजले घरी पोचायला." त्याने केसांतलं पाणी झटकलं. "चांगली होती काकडी."

आणि प्रगती हसली. आधी ओठ दाबून, मग दाबले जाईनात. भिंतीला टेकून बसलेल्या मुलींनी मोबाइल खाली केले. मॅडमना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. खात्री करायला जिवलीने रूपीला चिमटा काढला.

"येत्या रविवारी या," प्रगती शेवटी म्हणाली. हसण्यातून आवाज अजून सावरला नव्हता. "पण रस्ता विचारायचा नाही. सरळ घर विचारायचं."

"आणि बाबांनी विचारलं, कोणाकडे आलास, तर?"

ती खाली वाकली, पायरीवरचं प्रवेशपत्र उचललं, त्यावरचं पाणी पदराने टिपलं. टिपायला फार वेळ लावला.

"प्रगतीकडे म्हणायचं. मॅडमकडे नाही."

"प्रगतीकडे," त्याने म्हणून पाहिलं.

तिने मान वर केली नाही. पाऊस पत्र्यावर वाजत होता, पण फार नाही.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली. "नीट ऐकू आलं नाही."

आलं होतं.